बॉल गेला, पण व्हाइट कुठे थांबला?

पूलमध्ये, म्हणजे क्यू नावाच्या काठीने टेबलावरचे बॉल पॉकेटमध्ये घालायच्या खेळात, पहिली दोन-तीन वर्षं कोणाला फारसं विचारावं लागत नाही. रोज तास-दीड तास टेबलावर काढला की हात बसत जातो. कट, म्हणजे कोनातले शॉट, जायला लागतात, खालून ड्रॉ मारल्यावर व्हाइट (ज्याला क्यू लावतो तो पांढरा बॉल) मागे येतो, आणि एक दिवस नाइन-बॉलचा अख्खा रॅक, म्हणजे मांडलेले नऊही बॉल, एका दमात निघतो. मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या काळाबद्दल. माझ्या बाबतीत त्यानंतर दोन वर्षं काहीच झालं नाही. क्लबातल्या बहुतेकांना मी हरवत होते आणि बाहेरच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीतून परत येत होते. सराव वाढवला, नवी क्यू घेतली, क्यूच्या टोकाची टिप बदलून पाहिली. खेळ होता तिथेच राहिला.

ज्यांना स्टान्स, ब्रिज, चॉक ही मुळाक्षरं सांगायची गरज उरलेली नाही आणि तरी गाडी पुढे सरकत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अशा वेळी जाणकाराची नजर लागते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. ती मिळवायची कशी आणि मिळाल्यावर तिचं करायचं काय, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवात चुकीच्या प्रश्नाने झाली. राज्य पातळीवर खेळलेल्या एका ज्येष्ठ खेळाडूंना मी धीर करून विचारलं, "सर, जरा माझा खेळ बघता का?" त्यांनी वीस मिनिटं मन लावून पाहिलं आणि म्हणाले, "चांगली खेळतेस. टेम्परामेंट सांभाळ, सराव सोडू नकोस." मी खूश झाले. घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं की उद्या टेबलावर गेल्यावर नेमकं काय करायचं हे मला अजूनही माहीत नाही. त्यांचा काही दोष नव्हता. "माझा खेळ कसा आहे" असं विचारल्यावर भला माणूस "चांगला आहे" असंच सांगणार.

दुसरीकडे, न मागता मिळणारा सल्ला उदंड होता. क्लबमध्ये मुलगी एकटी सराव करताना दिसली की शेजारच्या टेबलावरून कोणी ना कोणी येतंच. एकाने सांगितलं ग्रिप सैल कर, दुसऱ्याने सांगितलं घट्ट कर, तिसरा म्हणाला उजवा पाय बाहेर काढ. सगळे मनापासूनच सांगत होते. मी सगळ्यांचं ऐकत गेले आणि एका महिन्यात तीनदा ग्रिप बदलली. तो महिना माझ्या खेळातला सगळ्यात वाईट महिना होता.

वळण मिळालं ते एका जिमखान्याच्या बिलियर्ड्स रूममध्ये. तिथे मैत्रिणीची पाहुणी म्हणून जायचे. ज्यांनी फक्त पार्लर पाहिलंय त्यांना मार्कर हा शब्द कदाचित माहीत नसेल. बिलियर्ड्स रूम सांभाळणारा, टेबल ब्रश करून इस्त्री करणारा, स्कोअर ठेवणारा माणूस म्हणजे मार्कर. मेंबरला पार्टनर नसेल तर तोच क्यू उचलतो. तिथल्या मार्करकाकांनी तीस वर्षं रोज आठ-दहा तास लोकांचा खेळ पाहिला होता. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेसही मनिलात नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये काम करत आणि टेबलं बघतच लहानाचा मोठा झाला, आणि पुढे १९९९ साली नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. बघून बघून तयार झालेल्या नजरेला मी तेव्हापासून फार मानते.

काका माझे चार शॉट बघून जवळ आले. मी नुकताच एक अवघड कट घातला होता आणि त्यांच्याकडून शाबासकीची वाट बघत होते. ते म्हणाले, "बॉल गेला, ते दिसलं. व्हाइट कुठे थांबवायचा होता?"

मी हाताने टेबलाच्या मध्यावर गोल फिरवला. "इथे कुठेतरी."

"इथे कुठेतरी म्हणजे कुठे? बोट ठेव."

मला बोट ठेवता येईना. काकांनी त्या दिवशी दुसरं काहीही सांगितलं नाही. फक्त प्रत्येक शॉटआधी कापडावर बोट ठेवायला लावलं आणि शॉट झाल्यावर तिथून व्हाइटपर्यंतचं अंतर वितीने मोजायला लावलं. दहातल्या सात वेळा मी दोन विती किंवा त्याहून जास्त लांब होते. बॉल मात्र दहाच्या दहा गेले होते. बॉल जात होते म्हणूनच हे मला कधी दिसलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी चुका लिहायची वही घातली. तुम्हीही कुठल्याही कोचकडे जाण्याआधी वही घाला, असं मी आग्रहाने सांगेन. कोचचा पहिला तास तुमचा आजार ओळखण्यात जातो, आणि त्या तासाचे पैसे तुम्ही भरत असता. अमेरिकेत पॅट फ्लेमिंग यांच्या अॅक्यु-स्टॅट्स या कंपनीने सामन्यातला खेळ मोजायची एक साधी पद्धत रूढ केली आहे: पॉट केलेल्या, म्हणजे पॉकेटमध्ये घातलेल्या, बॉलच्या संख्येला, पॉट केलेले बॉल अधिक चुका या बेरजेने भागायचं. ५४ बॉल घातले आणि १२ चुका केल्या तर ५४ भागिले ६६, म्हणजे ०.८१८. ०.९०० च्या वरचा खेळ जागतिक दर्जाचा मानतात. पण त्या आकड्यापेक्षा चुकांची वर्गवारी जास्त कामाची असते. पॉट हुकला, पोझिशन गेली (व्हाइट पुढच्या बॉलसाठी हव्या त्या जागी थांबला नाही), शॉटच चुकीचा निवडला, सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न ठेवणारा बचावाचा शॉट) फसली, किक (आधी कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, आपटून बॉल गाठायचा शॉट) लागली नाही, ब्रेक (रॅक फोडायचा पहिला शॉट) बिघडला, हे वेगवेगळं लिहायचं.

मी सराव आणि सामने मिळून तीस रॅक लिहिले. चुका निघाल्या ३४. त्यांतल्या पोझिशनच्या १५, चुकीच्या निवडीच्या ८, निव्वळ नेम चुकल्याच्या फक्त ७, बाकी ब्रेक आणि किकच्या. दोन वर्षं मी रोज नेमाचा सराव करत होते.

आता माझ्याकडे विचारायला प्रश्न होता. पुढचा पेच, विचारायचं कोणाला? आपल्याकडे जाणकार बहुतेक बिलियर्ड्स-स्नूकरचे. ते साहजिकच आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, मग मुंबईचे मायकल फरेरा, यासीन मर्चंट. जिमखान्यांची सगळी परंपरा बारा फुटी टेबलाची आहे. पूल आपल्याकडे पार्लरमधून आला, आणि केवळ पूल शिकवणारा माणूस शोधूनच काढावा लागतो.

मी स्नूकरच्या एका कोचकडे गेले आणि त्याचा मला अतोनात फायदा झाला. पण काय घ्यायचं आणि काय ठेवून द्यायचं हे आधी समजून घ्या. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटर, पूलचा ५७.१५. स्नूकरच्या पॉकेटचे जबडे गोलाकार, पूलचे कोनात कापलेले. स्नूकरची टिप साधारण नऊ-दहा मिलिमीटरची, पूलची बारा-तेरा. क्यू सरळ जाणं, डोकं न हलणं, खाली वाकण्याआधी निर्णय पक्का असणं, या गोष्टी स्नूकरवाल्यांइतक्या कडकपणे कोणी शिकवत नाही. त्या डोळे मिटून घ्या. हनुवटी क्यूला टेकवायची सवय मला या कोच सरांनीच लावली आणि माझं डोकं वर येणं बंद झालं. मात्र "साइड (व्हाइटच्या मध्याच्या डावी-उजवीकडे मारून दिलेली फिरकी) शक्यतो वापरूच नकोस" हा त्यांचा सल्ला नाइन-बॉलमध्ये मला पाळता आला नाही. बारा फुटी टेबलावर लांबच्या पॉटला साइड दिली की नेम बिघडतो, म्हणून ते त्यांच्या जागी बरोबरच आहेत. आमच्या खेळात एकापासून नऊपर्यंत क्रमाने जायचं, बॉल टेबलभर विखुरलेले, तेव्हा दोन-तीन कुशन घेताना साइडशिवाय भागत नाही. ब्रेक, जंप (व्हाइट उडवून मधल्या बॉलवरून नेणं), पुश-आउट (ब्रेकनंतर लगेच व्हाइट नुसताच हव्या त्या जागी सरकवायची सवलत) कधी घ्यायचा, हे तर पूलवाल्यालाच विचारायला हवं.

सरांकडची एक चाचणी सविस्तर सांगते, कारण ती आज संध्याकाळी कोणीही करून बघू शकतं. मी म्हटलं, मी मध्यावर मारते. सरांनी व्हाइट बाजूला ठेवला आणि नऊ नंबरचा पिवळ्या पट्ट्याचा बॉल माझ्यासमोर असा ठेवला की पट्टा उभा दिसेल. टिपेला निळा चॉक नीट लावायला सांगितला. "समोरच्या पॉकेटमध्ये सरळ घाल. बरोबर मध्यावर." मी घातला. सरांनी बॉल पॉकेटमधून अलगद उचलून दिव्याखाली धरला. पिवळ्यावर निळा ठिपका अगदी स्पष्ट उमटला होता, मध्यापासून चांगला अर्धी टिप उजवीकडे. पुसून पुन्हा मारला. पुन्हा उजवीकडे. सहा वेळा मारला, पाच ठिपके उजवीकडे. सर एवढंच म्हणाले, "मी सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास."

खरंच घातला असता. याची जोडचाचणी म्हणजे लांबचा सरळ स्टॉप शॉट, ज्यात व्हाइट बॉलला आपटून जागीच थांबतो. व्हाइट थांबल्यावर नीट बघायचं. जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरत असेल तर नको असलेली साइड लागली आहे. मी तो शॉट हजार वेळा मारला असेन, पण डोळे नेहमी पॉकेटकडे जाणाऱ्या बॉलवर. थांबलेल्या व्हाइटकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

पोझिशनचा प्रश्न घेऊन मी दुसऱ्या शहरातल्या पूलच्या एका कोचना लिहिलं. तोवर विचारायचं कसं हे थोडं जमायला लागलं होतं. पाठवलेला निरोप जवळपास असा होता: "तीस रॅकमधल्या पंधरा पोझिशनच्या चुका लिहून ठेवल्या आहेत. त्यांपैकी दहा वेळा व्हाइट हव्या त्या जागेच्या पुढे गेला. त्यांतल्या चार शॉटचे व्हिडिओ जोडले आहेत, प्रत्येक अर्ध्या मिनिटाचा. मला वेग कळत नाहीये, की मी रस्ताच चुकीचा निवडते आहे?" दोन दिवसांत उत्तर आलं, "रस्ता. भेट." एवढं बोलावणं मला आधीच्या दोन वर्षांत कोणी दिलं नव्हतं. जाणकाराला तुमचं काम दिसलं की तो वेळ काढतो.

व्हिडिओबद्दल दोन शब्द. अख्ख्या सामन्याचं दोन तासांचं चित्रीकरण कोणालाही पाठवू नका. फोन एकदा शॉटच्या रेषेत समोर ठेवा, म्हणजे क्यू डावी-उजवीकडे जाते का ते दिसतं. एकदा बाजूने, कोपराच्या उंचीवर ठेवा, म्हणजे कोपर पडतं का, डोकं उठतं का ते कळतं. पोझिशनसाठी मात्र उंचावरून, पूर्ण टेबल दिसेल असं घ्या. आणि शॉट मारण्याआधी मोठ्याने बोला: कुठल्या पॉकेटमध्ये, व्हाइट कुठे, किती कुशन. हे नसेल तर बघणाऱ्याला झालेला शॉट दिसतो, तुमच्या मनातला दिसत नाही. चुकलेलेच शॉट पाठवा. मी पहिल्यांदा चांगले शॉट निवडून ठेवले होते आणि पाठवताना लाज वाटून काढून टाकले.

भेटीच्या दिवशी कोचनी आठ नंबरचा बॉल कोपऱ्यापासून थोडा दूर ठेवला आणि भिंतीवरच्या दोन क्यू काढून त्याच्या मागे कापडावर आडव्या मांडल्या. टोकं बॉलपाशी जवळजवळ, बुंधे एकमेकांपासून फाकलेले. टेबलावर एक लांबट त्रिकोण तयार झाला. "या दोन क्यूंच्या मध्ये व्हाइट कुठेही असला तर तुला नवावर जायला कोन मिळतो. बाहेर गेला तर नाही. मान्य?" मान्य. मग त्यांनी माझ्या व्हिडिओतला रस्ता बोटाने काढून दाखवला. माझा व्हाइट त्या त्रिकोणातून आडवा जात होता, आणि तोही आठच्या जवळून, जिथे आतली जागा जेमतेम वीतभर होती. "इथे थांबवायला तुझा वेग वीतभरसुद्धा चुकता कामा नये. रोज कोणाला जमेल?" मग दुसरा रस्ता: एक कुशन जास्त घेऊन व्हाइट त्रिकोणाच्या फाकलेल्या बाजूने, त्याच्या लांबीला धरून आत येतो. आता वेग दोन फूट कमी-जास्त झाला तरी तो आतच राहतो. कोन तोच मिळतो, फक्त आठपासूनचं अंतर बदलतं.

मी त्या दोन क्यूंकडे किती वेळ बघत होते ते आठवत नाही. माझा वेग वाईट नव्हता. ज्या जागी वेग तंतोतंतच लागतो अशा जागा मी स्वतःच रोज निवडत होते. पंधरातल्या दहा चुकांचं मूळ त्या त्रिकोणात होतं.

नंतर क्यू उचलून तिथे वहीचा एक कागद ठेवला आणि मी दोन्ही रस्त्यांनी वीस-वीस वेळा मारलं. आडव्या रस्त्याने व्हाइट चारदा उपयोगी जागी थांबला, लांबीच्या रस्त्याने चौदा वेळा. याच भेटीत आणखी एक साधी गोष्ट पदरात पडली. व्हाइट स्टन होऊन, म्हणजे न लोळता घसरत, आपटला तर बॉलच्या दिशेशी काटकोनात निघतो हे मला माहीत होतं. पण तो नैसर्गिक लोळत गेला आणि समोरच्या बॉलवर पाव ते पाऊण भाग झाकेल असा कुठेही लागला, तर मूळ दिशेपासून साधारण ३० अंशच वळतो, ही गोष्ट मी अंदाजाने खेळत होते. कोचनी तर्जनी आणि मधलं बोट फाकवून व्ही करायला शिकवलं. एक बोट व्हाइटच्या दिशेने धरलं की दुसरं बोट तो कुठे जाणार ते दाखवतं. सामन्यात मी आजही हात कापडावर तसा धरते.

मिळालेला सल्ला रुजवणं हा सगळ्यात कष्टाचा भाग आहे आणि इथेच बहुतेक जण सोडतात. मी एक नियम केला: एका वेळी एकच बदल, आणि किमान तीन आठवडे. क्यू सरळ करायचं काम चालू असताना माझे सोपे बॉलही हुकायला लागले. तेव्हा जुन्याकडे पळून जावंसं वाटतं. त्या तीन आठवड्यांत स्पर्धा घेऊ नका, पैजेचे डाव तर मुळीच नकोत. आणि दुसऱ्या कोणालाही विचारू नका. कोणी सांगायला आलंच तर मी नम्रपणे म्हणते, "दादा, सध्या एका गोष्टीवर काम चालू आहे, महिन्याने नक्की विचारते." कोणी दुखावलं जात नाही.

तीन आठवड्यांनी मोजायचं कसं? मी घोस्ट खेळते, म्हणजे एका काल्पनिक भुताविरुद्ध. ब्रेक करायचा, मग बॉल-इन-हँड घेऊन, म्हणजे व्हाइट हवा तिथे हाताने ठेवून, एकपासून नऊपर्यंत काढायचं. सगळे गेले तर रॅक आपला, एक हुकला तरी रॅक घोस्टचा. आधी सात रॅक घेईल तो जिंकला. भुताला हरवणं सोपं नाही, पण ते कधी खुशामतही करत नाही आणि त्याचा दर्जा रोज तोच असतो. पहिल्यांदा मी ७-२ हरले होते, चार महिन्यांनी ७-५. दोन जाणकारांचं परस्परविरोधी मत पडलं तर मी हेच करते: दोन्ही पद्धतींनी कागदावर वीस-वीस शॉट, वहीत नोंद, आणि ती नोंद घेऊन पुन्हा त्यांच्याचकडे. जो खरा जाणकार असतो तो नोंद बघून स्वतःचं मत बदलायला तयार होतो. असा माणूस भेटला तर त्याला धरून ठेवा.

किती वरच्या माणसाला विचारावं यावरही लोक अडतात. फार्गो रेटिंग या पूल खेळाडूंच्या गुणांकनात शंभर गुणांचा फरक म्हणजे वरचा खेळाडू तुमच्या एका रॅकमागे दोन जिंकतो असा हिशेब असतो. माझा अनुभव असा की तेवढ्याच फरकाचा माणूस सगळ्यात उपयोगी पडतो. तो तुमच्याच टप्प्यावरून नुकताच गेलेला असतो, तिथे काय दुखतं हे त्याला आठवतं. फार वरच्यांना काही गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की सांगता येत नाहीत. मात्र फार वरचे लोकही विचारतात, हे विसरू नका. पंचवीसहून अधिक जागतिक किताब मिळवलेल्या पंकज अडवाणीला बेंगळुरूत अरविंद सवूर यांनी घडवलं आणि त्याचा भाऊ श्री हा क्रीडा मानसशास्त्रज्ञ आहे.

पैशांचं स्पष्ट बोला. तासाची फी आणि टेबलभाडं कोण भरणार हे आधीच ठरवा. ओळखीचे आहेत म्हणून फुकट वेळ मागू नका, आणि त्यांनी फी नाकारली तर निदान टेबलभाडं आपण भरा. मार्करकाका माझ्याकडून पैसे घेत नाहीत. दिवाळीला मी मिठाई घेऊन जाते, आणि वर्षातून दोनदा वही दाखवते. वही ते चष्मा लावून पानं उलटत नीट वाचतात. कोणाच्या सल्ल्याने काय बदललं हे त्या माणसाला जाऊन सांगणं राहून जातं. मी ज्या ज्येष्ठ खेळाडूंना पहिला चुकीचा प्रश्न विचारला होता, त्यांच्याकडेही तीन वर्षांनी पुन्हा गेले, या वेळी सेफ्टीचे सहा व्हिडिओ घेऊन. त्यांनी दीड तास दिला.

त्यांच्याच दीड तासातून सध्याचा प्रश्न निघाला आहे. पातळ स्पर्शाच्या सेफ्टीत माझा व्हाइट छोट्या कुशनपर्यंत पोचतो, पण चिकटत नाही, चार-सहा इंच सुटतो आणि समोरच्याला सरळ क्यू चालवायला जागा मिळते. वेग कमी करायचा की बॉल जाडसर, म्हणजे जास्त भरून, घ्यायचा, हे त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, वीस सेफ्टी मार, प्रत्येक वेळी व्हाइट कुठल्या डायमंडसमोर (टेबलाच्या कडेवरच्या खुणेसमोर) आणि कुशनपासून किती बोटांवर थांबला ते लिही, आणि रविवारी ये. आज गुरुवार. तेरा झाल्या आहेत, त्यांतल्या चार चिकटल्या.